पारसिकचे तिरके थर, अकलोलीचं गरम पाणी: दोन रविवारांची भटकंती

ठाण्यात राहून बावन्न वर्षं झाली. कळवा सुटलं की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर येतो आणि मुंब्र्यापर्यंत सोबत करतो, यापलीकडे त्या डोंगराकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. फेब्रुवारीत भाची राहायला आली. एम.एस्सी.ला आहे, विषय भूशास्त्र. लोकलमध्ये खिडकीशी बसली होती. एकदम म्हणाली, "मामा, हे थर बघ कसे कललेत. सगळे पश्चिमेकडे."

मला थर दिसले नाहीत. झोपड्या दिसल्या, पाण्याच्या टाक्या दिसल्या, वर वाळलेलं गवत दिसलं. मग तिने बोट धरून दाखवलं तशी काळ्या कातळाची एक पट्टी दिसली, तिच्याखाली दुसरी. खाडीच्या बाजूला खाली आणि डोंबिवलीच्या बाजूला वर, अशा दोन्ही तिरक्या. एकदा दिसल्यावर मात्र डोळ्यांपुढून जाईनात. म्हणून दोन रविवार काढले. कुणाला जायचं असेल तर कसं जावं आणि काय चुकवावं, ते सांगतो.

सुरुवात ठाणे स्टेशनाबाहेर मामलेदार मिसळीने केली. त्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही, तिखट कमी सांगा एवढंच. तिथून कल्याणकडे जाणारी स्लो लोकल धरायची, रविवारी सकाळी आठच्या आत. उजवीकडची खिडकी मिळाली तर उत्तम, पण दारात लटकून डोंगर बघू नका. कळव्यानंतर रूळ डोंगराच्या उत्तर टोकाला वळसा घालून मुंब्र्याला जातात आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत डोंगर आडवा कापल्यासारखा बाजूने दिसतो. थरांचा कल कळतो तो इथेच. मुंब्र्याला उतरून मागे वळून पाहिलं की समोर सरळ कडा उभा असतो आणि त्यावरचे थर आडवे वाटतात, कारण आता आपण त्यांच्याकडे समोरून पाहतो. उतारावरचं पुस्तकांचं कपाट बाजूने पाहिलं तर तिरकं, समोरून पाहिलं तर सरळ, तसंच हे. मला हे समजायला अर्धा तास लागला आणि भाचीचा संयम संपला.

हा डोंगर रेल्वेने पोखरलाही आहे. १९१६ साली सुरू झालेला पारसिकचा बोगदा साधारण १.३ किलोमीटर लांब आहे. आम्ही कॉलेजात असताना फास्ट लोकल त्यातून जायची आणि आत शिरल्यावर पोरं ओरडायची. इतकी वर्षं काळवत्री दगडाच्या पोटातून प्रवास केला, पण तो दगड कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

तर तो असा आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात जिथे रेयुनियन बेट आहे, तिथल्या खोल तप्त भागावरून तो जात असताना जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. तोही एकदाच नाही, पुन्हापुन्हा, थरावर थर. आज शिल्लक असलेला हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. भूखंड तेव्हा दक्षिणेला होता हे कुणी कल्पनेने ठरवलेलं नाही. लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागतात आणि तसेच राहतात, आणि ही दिशा आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत त्यावर बदलते. १९५० च्या दशकात नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या गटाने दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजलं, तेव्हा त्या कणांनी दाखवलेली जागा आजची नव्हती. भूखंड सरकतात हे जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं होतं आणि बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं होतं. पुढे लोकांना ते मानायला लावणाऱ्या पुराव्यांत आपल्या घाटातल्या या काळ्या दगडाचाही वाटा आहे.

आता कलाचं. बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या दगडाचा, रस पातळ असतो, तो लांबवर वाहतो आणि जवळजवळ आडवाच थिजतो. माथेरानचे थर आजही आडवे आहेत, म्हणूनच माथा इतका सपाट. मग पारसिकचे थर तिरके असतील तर ते थिजल्यानंतर कशाने तरी कलले असणार. भाची हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होती, जणू शेजारच्यांच्या घरातलं काही सांगतेय.

साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे लाव्हाचा मोठा भर ओसरल्यावर थोड्याच काळात, आपल्या पश्चिम कडेपासून एक तुकडा सुटला. तो तुकडा म्हणजे आजचं सेशेल्स. मुंबईपासून ते आता जवळपास ३,२०० किलोमीटरवर आहे. त्याच्या मुख्य बेटांवर महासागरी बेटांवर सहसा न सापडणारा ग्रॅनाइट आहे, सुमारे ७५ कोटी वर्षं जुना, कारण तो मुळात खंडाचाच भाग. एक-दोन बेटांवर मात्र आपल्या लाव्हाच्या शेवटच्या काळातले दगड सापडतात. तुकडा सुटताना कड ताणली गेली, पातळ झाली आणि समुद्राच्या बाजूला खचली. घाटमाथ्यावर आडवे असलेले थर कोकणात उतरताना वाकले. या वाकलेल्या पट्ट्याला भूशास्त्रात आपल्या पनवेलचं नाव आहे, पनवेल फ्लेक्शर. ते ज्यांनी मांडलं ते जे. बी. ऑडन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे सख्खे भाऊ. थर नुसते वाकले की मोठ्या भेगांवरून घसरून कलले, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. भाची भेगांच्या पक्षात आहे. मला दोन्ही पटतं, म्हणजेच काही कळलेलं नाही.

मुंब्र्याहून ठाण्याला परत आलो आणि ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल धरली. या गाडीत डावीकडे बसा. ऐरोली, रबाळे, घणसोली करत जाताना तोच डोंगर आता पश्चिमेच्या बाजूने दिसतो, आणि इकडची बाजू थरांच्या कलानेच उतरते, त्यामुळे मुंब्र्याइतकी उभी वाटत नाही. बेलापूरला उतरून रिक्षाने पारसिक हिलवर गेलो. भाडं आधी ठरवा आणि परत यायलाही तीच रिक्षा थांबवून ठेवता आली तर ठेवा, वर रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही.

वर जाताना रस्त्यासाठी कापलेला कातळ लागतो. मोजायचं ते इथे. फोनमध्ये पातळी बघायचं ॲप असतं, तेच पुरतं. मी मोठ्या उत्साहाने कापलेल्या भिंतीवर फोन टेकवला आणि ६० अंश असं जाहीर केलं. "मामा, तू जेसीबीने पाडलेला उतार मोजलास," भाची म्हणाली. मग तिने थर कसा ओळखायचा ते दाखवलं. खालचा दगड घट्ट, निळसर काळा. वर जाऊ तसे त्यात बारीक भोकं, काही रिकामी आणि काहींत पांढरे खडे भरलेले. लाव्हातून वायूचे बुडबुडे वर येता येता वरचा भाग थिजला, त्याची ही भोकं, आणि पुढे झिरपलेल्या पाण्याने त्यांत खनिजं भरली. अशा भोकवाल्या भागाच्या वर विटकरी रंगाचा वीतभर पट्टा होता, हाताने खरवडला तर भुगा पडणारा. एक थर थिजून उघडा पडला, त्याच्यावर माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. त्या लाल पट्ट्यात ऊन-पावसाची कितीतरी वर्षं आहेत. मी त्यावर बोट ठेवलं तर नखात लाल माती राहिली, ती घरी आल्यावर हात धुताना दिसली.

या लाल पट्ट्याला समांतर वही धरायची आणि वहीवर फोन ठेवायचा. वही पुठ्ठ्याची हवी, नाहीतर वाकते. फोन पाठीवर आडवा ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा आकडा बिघडवतो. कडेवर उभा ठेवा. आमचे तीन आकडे आले, १२, १७ आणि १४. मुंबईच्या बाजूला थरांचा कल साधारण १० ते १५ अंश असतो असं भाचीने आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी स्वतःवर खूश झालो. ती म्हणाली, तीन मोजमापांवर काही सिद्ध होत नाही, तीस घे. तीस घेतली नाहीत, ऊन चढलं होतं.

संध्याकाळी पनवेलपर्यंत गेलो. पूर्वेला प्रबळगड आणि मागे माथेरानच्या रांगा धुरकट दिसत होत्या. तिकडचे थर आडवे, आपण मागे टाकून आलो ते तिरके, आणि वाकणं सुरू होतं ते या दोहोंच्या मधे, जिथे आता इमारती आहेत. स्वच्छ हवा हवी असेल तर पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर या, पण तेव्हा गवताने थर झाकलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये थर उघडे असतात आणि हवा घाण. मी फेब्रुवारी निवडेन. भर पावसात मात्र मुंब्र्याच्या बाजूला कड्याखाली उभं राहू नका, दगड सुटतात.

दुसरा रविवार गणेशपुरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांचा. भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला एसटी जाते, गाडी असेल तर ठाण्याहून दीड-दोन तास धरा. भिवंडीत ट्रॅफिक लागणारच, म्हणून पहाटे निघा. वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं आहे, पायऱ्या चढून जावं लागतं. वसईची मोहीम फत्ते झाल्यावर १७३९ नंतर चिमाजी अप्पांनी ते बांधवलं. देवीचं दर्शन घेऊन आम्ही तानसा नदीकडे वळलो, कारण खरं काम कुंडांवर होतं.

अकलोलीला नदीकाठी बांधलेली कुंडं आहेत, पण मला जास्त आवडली ती नदीच्या पात्रातली जागा. पाणी ओसरलेलं होतं, दगडांच्या मधून बारीक बुडबुडे वर येत होते. एका आजींनी लुगडं सावरत पाय सोडले होते. मी शेजारी हात घातला आणि झटकन काढला. आजी म्हणाल्या, "हळू, बाबा. आधी अंगठा, मग पाय." त्यांचं बरोबर होतं. सगळ्या कुंडांचं पाणी सारखं गरम नसतं आणि काही ठिकाणी पन्नास अंशांच्या आसपास जातं, त्यात एकदम उतरायचं नाही.

खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम, असं तिथे तीन जणांनी सांगितलं. तसं नाही. ज्वालामुखी विझून सहा कोटी वर्षं झाली. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. भेगा खोल हव्यात एवढीच अट, आणि कड फुटताना आपल्या कोकणात तशा भेगा भरपूर पडल्या. पालघरपासून थेट रत्नागिरीपर्यंत, सातिवली, पालीजवळचं उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजापूर, अशी ही गरम पाण्याची ठिकाणं किनाऱ्याला जवळजवळ समांतर रेषेत आहेत. नकाशावर ठिपके जोडून बघा, मी जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने जोडले आणि बायकोचा ओरडा खाल्ला.

सूचना थोडक्यात: रविवारी नऊनंतर गर्दी होते आणि पाणी गढूळ होतं, सकाळी सातला पोचा. दहा-पंधरा मिनिटांवर पाण्यात बसू नका, ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं. चांदीची अंगठी काढून ठेवा. पावसाळ्यात तानसेला पूर असतो, पात्रात जाऊ नका. परतीच्या एसटीची वेळ उतरल्याबरोबर कंट्रोलरला विचारून घ्या. आम्हाला एका टपरीवाल्याने साडेचारची सांगितली, ती चारलाच गेली होती, मग अंबाडीपर्यंत वडापमध्ये सहा जणांच्या जागेत नऊ जण बसून आलो.

त्या गाडीत भाचीने एक हिशोब मांडला. भारताची प्लेट, म्हणजे आपण ज्यावर आहोत तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, आज वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. तेव्हापासून ठाणे स्टेशन सरकलं ते साडेआठ मीटर, म्हणजे लोकलच्या एका डब्याची निम्मी लांबीही नाही. आणि रूळ, प्लॅटफॉर्म, मिसळ, मुंब्र्याचा कडा, सगळं सोबत सरकल्यामुळे कुणाची गाडी चुकली नाही. आमची चुकली होती, पण ती टपरीवाल्यामुळे.