आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हातली गच्चीवरची भाजी

‘भाऊ, एप्रिल-मे मध्ये नागपुरात गच्चीवर काय उगवणार?’ रोपांचं आणि कुंडीच्या मातीचं दुकान उघडलं तेव्हापासून हा प्रश्न ऐकतो आहे. दोडका, कारलं, गवार, भेंडी, चवळी, अंबाडी, माठ, घोळ, सगळं उगवतं. आमच्या गिऱ्हाइकांच्या गच्च्यांवर दर उन्हाळ्यात उगवतं. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हाही दोडक्याचे वेल मांडवावर हिरवे असतात.

सुरुवात मी आणि मामांनी केली. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आयुष्यभर माळीकाम केलेला माणूस, वयानं मोठे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. पैसा माझा, हात त्यांचा. पहिल्या दिवशी त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, लोहाराकडून घडवलेलं बाभळीच्या मुठीचं खुरपं आणि इतवारीतल्या पत्रेवाल्याकडून करून घेतलेली झारी. प्लॅस्टिकच्या झारीची भोकं मोठी, पाणी धारेनं पडतं आणि चवळीचं कोवळं रोप आडवं होतं. पत्र्याच्या झारीची चाळण बारीक, पाणी तुषारासारखं उतरतं. ती झारी अजून दुकानात आहे. तिला दोनदा डाग दिला, पण बदलली नाही.

काळी माती कुंडीत चालत नाही, हेही मामांनीच शिकवलं. शेतात कितीही कसदार असो, कुंडीत ती पहिल्या उन्हात आवळते, कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. म्हणून आमचं मिश्रण ठरलं : एक भाग लाल माती, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. वेलांना तुराट्यांचा मांडव. या जोरावर बरीच वर्षं सुखाची गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

लिहायचं आहे ते २०१६ च्या उन्हाळ्याबद्दल.

कोकोपीटचा पुरवठादार आमचा जुना. त्या वर्षीही कोकोपीटच्या दाबलेल्या विटांच्या वेष्टनावर नेहमीप्रमाणे ‘धुतलेलं, कमी क्षार’ असंच छापलेलं होतं. फेब्रुवारीत माल आला, मिश्रण भरलं, पोती घरोघर गेली. मार्चअखेर फोन सुरू झाले. पानांच्या कडा तपकिरी, शेंडे वाळलेले, पाणी रोज घालूनही रोप मान टाकतं. सगळे म्हणाले ऊन. मामा म्हणाले, ऊन असतं तर आधी पान कोमेजून संध्याकाळी परत उभं राहिलं असतं. त्यांनी एक वीट बादलीत भिजवली, पिळली आणि ते पाणी जिभेला लावलं. खारट. मग पाण्यातले क्षार मोजणारा इसी मीटर आणला. अर्ध्याच्या खाली हवा होता तो आकडा तीनच्या वर गेला.

नारळाच्या काथ्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार मुळातच असतात. गोड्या पाण्यानं नीट धुतलं नाही, किंवा नारळाची सोडणं (वरची सालं) खाडीच्या पाण्यात भिजवलेली असली, की ते तसेच राहतात. पावसाळ्यात ते वाहून जातात. उन्हाळ्यात मात्र पाणी उडतं, क्षार मागे राहतात, रोज थोडे आणखी साचतात, आणि ओल्या कुंडीतही मुळाला पाणी ओढता येत नाही. पुरवठादाराला फोन केला, मीटरचे फोटो पाठवले. त्यांनी ‘तुमच्याकडचं पाणीच खारं असेल’ असं सांगून फोन ठेवला, नंतर उचललाच नाही. एक रुपया परत आला नाही, आणि माफीचा शब्दही नाही. ते मी विसरलेलो नाही.

त्याच वेळी आमच्या ओळीतल्या दुसऱ्या एका दुकानदारानं आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटावं, ‘उन्हानं नाही, त्यांच्या मातीनं रोपं जळतात’? शेजारी दुकान असताना एकदा विचारायचं तरी. स्वतः लाकडाचा भुसा मिसळलेली पोती स्वस्तात विकत होता. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या हंगामात तिकडे गेली. आम्ही प्रत्येक पोतं स्वखर्चानं बदलून दिलं, त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

महाल भागातल्या काकूंचं नाव इथे घ्यायला हवं होतं, पण त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्या वाड्याच्या गच्चीवरचे सगळे वेल गेले. दुकानात लोक भांडत असताना त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मुळासकट रोप घेऊन आल्या, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे बघा, मुळाची टोकं काळी पडलीत. यातून काय ते शोधा. मला नवं मिश्रण भरून द्या.’ पैसे परत घेतले नाहीत. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा त्या स्वतः नर फूल तोडून मादी फुलावर टेकवतात. गच्चीवर त्या वेळी मधमाशी येईलच असं नाही. त्या वर्षी जूनमध्ये त्यांच्याकडून डबा आला : दोडक्याच्या शिरांची चटणी, तीळ घालून परतलेली, आणि ज्वारीची भाकरी. मामांनी दुकानातच बसून खाल्ली.

तेव्हापासून प्रत्येक खेप आम्ही मीटर लावूनच उतरवतो, आणि कोकोपीट स्वतः गोड्या पाण्यात भिजवून, पिळून पुन्हा भिजवतो. तुम्हीही घरी करा. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो : मे महिन्यात टोमॅटोच्या मागे लागू नका, इतक्या उष्णतेत फूल गळतं. पालकही लगेच फुलोऱ्यावर जातो, त्याऐवजी माठ आणि अंबाडी लावा. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. हिरवी शेडनेट ५० टक्के सावलीची पुरे. ७५ ची लावली तर वेल नुसता लांबतो. पाणी सकाळी ७ च्या आत, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. भेंडी दिवसाआड तोडा, नाहीतर जून होते. आणि युरियाला उन्हाळ्यात हात लावू नका.

दोडका-कारल्याची रोपं होळीपर्यंतच मिळतील. त्यानंतर येणाऱ्याला मामा रोप देत नाहीत, चवळीचं बी देतात.