हे वेन, तिसरा आठवडा: गाडी अजून पाण्यातच

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी) या चित्राची नक्कल मी दर रविवारी रंगवतोय; त्यात घोडागाडी नदीच्या पाण्यात उभी आहे. तिसरा रविवार सरला, माझी गाडी अजून पाण्यातच. कॉन्स्टेबलची तरी कुठे बाहेर आलीये म्हणा, १८२१ पासून तिथेच उभी आहे.

मूळ चित्र साधारण १३० × १८५ सेंमी. माझा कॅनव्हास लांबी-रुंदीत त्याच्या पाव. समोर स्क्रीनवर लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्राची मोठी प्रत, आणि बराचसा वेळ रंगवण्यापेक्षा झूम करण्यातच जातो.

पहिल्या रविवारी नदी म्हणून मी सरळ निळा हात मारला होता. सगळा खरवडून काढला. चित्रातल्या या स्टूर नदीत निळं जवळजवळ नाहीच! झाडांखाली काळपट हिरवं, काठाशी चिखलाचं तपकिरी, वर आभाळ उघडं असेल तिथे करडं-पांढरं. आता बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि करड्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर वर पांढऱ्याचे कोरडे फटके मारतोय. कॉन्स्टेबलच्या असल्या पांढऱ्या ठिपक्यांना लोक थट्टेने 'बर्फ' म्हणायचे. पण ते झाकून बघा, पाणी तिथल्या तिथे थिजतं.

या आठवड्याची खरी कमाई मात्र लाल रंगाची. घोड्यांच्या साजावर लाल आहे, अगदी थोडं. स्क्रीनवर तेवढ्यावर बोट ठेवलं आणि मागची सगळी हिरवळ एकदम मेणचट दिसायला लागली. बोट काढलं की पुन्हा जिवंत. दहा-बारा वेळा केलं असेल, घरचे बघत होते. माझ्या मापात तो लाल जेमतेम ठिपकाभर येतो, म्हणून शून्य नंबरचा ब्रश आणलाय. तो सगळ्यात शेवटी.

चाकांनी रडवलं. कॉन्स्टेबल हे चित्र लंडनच्या स्टुडिओत रंगवत होता, गाडी समोर नव्हती, म्हणून त्याने गावाकडच्या धाकट्या डनथॉर्न नावाच्या ओळखीच्या माणसाकडून गाडीचं रेखाटन मागवलं. हे वाचून बरं वाटलं! गाडी पाण्यात का, याचं एक कारण असं देतात की उन्हाने लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव सैल होते, पाण्यात लाकूड फुगलं की ती पुन्हा घट्ट बसते. आमच्या आजोळी बैलगाडी याचसाठी ओढ्यात उभी करायचे. तेव्हापासून चाकाचा बुडालेला भाग मी जास्त मन लावून रंगवतोय.

आणखी एक. याच मापाचं कच्चं तैलचित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात पुढच्या काठाशी घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात कॉन्स्टेबलने त्याच्या जागी पिंप घातलं, मग तेही बुजवलं. तैलरंग जुना झाला की पारदर्शक होत जातो, त्यामुळे ते पिंप आता पुसटसं वर यायला लागलंय. मी त्याच काठावरचा कुत्रा दोनदा बुजवलाय. पहिला बकरीसारखा झाला होता, दुसरा डुकरासारखा. शे-दीडशे वर्षांनी माझ्या काठावर काय कळप उगवेल, देव जाणे.

पुढच्या रविवारी डावीकडचं विली लॉट या शेतकऱ्याचं घर घेतो. कुत्र्याला तूर्त सुट्टी.