पिवळी टेप

सांगलीत शंभर फुटी रोडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, सोळा वर्षं झाली. "मिस्त्री, जुनी गाडी घेतोय, जरा बघून द्या की" म्हणत दोन दिवसाआड कोण ना कोण येतंय, आणि बघायचे दोनशे मागितले की तोंड वाकडं. चाळीस हजार घालायची तयारी आहे पण दोनशे जड जातात.

मागच्या गुरुवारी तासगावकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. वय एकोणीस, कुपवाड एमआयडीसीत नुकताच लागलेला, गियरची गाडी फक्त मित्राची चालवलेली. आधी २२० सीसीची बघत होता, वडिलांनी दटावून १५० सीसीवर आणला, ते बरं केलं. गाडी २०१७ ची, एमएच १०, चकाचक. सोबत एजंट. "शिक्षकाची गाडी हाय, सिंगल ओनर." सांगलीत विकायला निघालेली प्रत्येक गाडी शिक्षकाचीच कशी असते देव जाणे. पोराला म्हटलं मोबाईलवर एम-परिवहन या सरकारी ॲपला नंबर टाक, तर सेकंड ओनर निघाला. एजंट हसला नुसता.

इंजिनला हात लावला तर गरम. म्हणजे येताना तापवूनच आणलेली, थंड इंजिन एका सेल्फला उठतं का नाय ते कळूच नये म्हणून. म्हटलं जावा, चहा पिऊन या, तासाभरानं बघू. तोवर मेन स्टँडवर लावली, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं, मधोमध आल्यावर खटकन अडकतंय, म्हणजे कोनसेट, हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग, गेला. चाक हातानं फिरवलं तर बेअरिंग खरखर. पोरगा मात्र मीटरकडंच बघतोय, २१ हजार किलोमीटर. अरे लेका, फूटरेस्टचं रबर बघ की, पार गुळगुळीत झालंय, ते २१ हजारात झिजतंय व्हय?

मग हेडलाइट खोलला. आत कोपऱ्यात वाळलेला गाळ, बारीक, नखानं खरवडला तर पिठासारखा उडाला. वायरी जोडायचे कपलर हिरवे पडलेले. पुरातली गाडी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ला धोक्याची पातळी, त्यावरनं गावात काय झालं असेल बघा.

आणि वायरिंगच्या जुडग्याला पिवळी टेप.

तीन जागी. ती मीच मारलेली. त्या आठवड्यात काळी टेप गावात कुठं मिळत नव्हती, दुकानंच पाण्यात होती, म्हणून घरातली पिवळी वापरलेली. चाळीसेक गाड्या धुतल्या असतील तेव्हा, एकेकीचं ऑइल तीन-तीनदा बदललं, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले, झोप नव्हती. ही गाडी आठवली. गणपती पेठेतल्या काकांची.

वडिलांनी विचारलं, घ्यावी का? म्हटलं घेऊ नका, घेतलीच तर आठ-नऊ हजार खर्च धरा, पुरातली हाय. एजंट बेचाळीसवरनं तेहतीसवर आला, पोराच्या डोळ्यात गाडी बसलेलीच होती, घेतली. जाताना एजंट म्हणाला, "मिस्त्री, लई खोलात जाता तुम्ही."

शनिवारी कोनसेट, बेअरिंग, सगळं वायरिंग नवीन टाकलं. मजुरी घेतली नाय. पोरगा दोनदा विचारत होता का म्हणून, म्हटलं पहिली गाडी हाय तुझी. टेपचं काही बोललो नाय त्याला. कारण त्या काकांनी तेव्हा विचारलं होतं, मिस्त्री आता काय करू हिचं, आणि मीच म्हणालेलो, चालू हाय तोवर विकून टाका.