ताप नेमका कोणाचा?

गेल्या आषाढात मला फ्लू झाला. संध्याकाळी कणकण जाणवू लागली, रात्री दोन गोधड्या अंगावर घेऊनही हुडहुडी थांबेना आणि थर्मामीटर मात्र १०२ अंश दाखवत होता. अंग तापलेले असताना थंडी का वाजावी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. या वेळी आठवडाभर अंथरुणात असल्यामुळे त्याविषयी सवडीने वाचता आले. त्यातून कळलेली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की ताप चढण्याच्या आधीचा एखादा दिवस विषाणू माझ्या श्वसनमार्गात बिनबोभाट वाढत होता आणि तेव्हा मी ठणठणीत होतो.

फ्लूच्या म्हणजेच इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा कण साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन आपल्या श्वसनमार्गातील पेशींवरच्या सायॅलिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटते आणि पेशी त्या कणाला एका पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतील आम्लता वाढू लागली की पेशी खरे तर आत आलेली वस्तू पचवण्याची तयारी करत असते. परंतु त्याच आम्लतेमुळे हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या आवरणाशी एकजीव होते आणि जनुकीय मजकुराचे आठ सुटे तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकाकडे निघतात.

इन्फ्लुएन्झासारखा ज्यांचा जनुकीय मजकूर आरएनए या रेणूत असतो, ते बहुतेक विषाणू केंद्रकात शिरण्याच्या भानगडीत पडत नाहीत. इन्फ्लुएन्झाला तेथे जावे लागते, कारण त्याला चोरी करायची असते. आपल्या पेशीतील प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते आणि तो संदेश आपल्याच घरचा असल्याची ती खूण असते. मजकुराची नक्कल करणारे विषाणूचे पॉलिमरेज हे विकर नव्याने तयार होणाऱ्या संदेशांची टोपी थोड्या शेपटीसकट कापून घेते आणि स्वतःच्या संदेशाला जोडते, त्यामुळे प्रथिने बनवणारी यंत्रणा परक्याचा हुकूम घरचा समजून पाळू लागते. मराठीत फसवणुकीला आपण टोपी घालणे म्हणतो. येथे आधी ती पळवावीही लागते. काही तासांतच नव्या कणांची जुळणी होऊन ते पेशीच्या पृष्ठभागावर येतात. तेथे त्यांना पुन्हा सायॅलिक आम्लच अडवून धरते आणि विषाणूच्याच पृष्ठभागावरील न्युरॅमिनिडेज नावाचे विकर ते कापून वाट मोकळी करते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत घरोघरी ऐकू आलेले टॅमीफ्लू हे औषध नेमकी ही कात्री बोथट करते, म्हणूनच ते पहिल्या दोन दिवसांत घेतले तर अधिक उपयोगी पडते.

एवढी लूट चालू असताना पेशी स्वस्थ बसलेली नसते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोन शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडला, तेव्हा त्या पेशींमधून असे काही द्रव्य पाझरले की ते मिळालेल्या ताज्या पेशींमध्ये जिवंत विषाणूची वाढ रोखली गेली. त्या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. बाधित पेशीने शेजारणींना दिलेली ती हाक असते; ती ऐकून शेजारच्या पेशी विषाणूची नक्कल होऊ न देणारी प्रथिने तयार करू लागतात. इन्फ्लुएन्झाकडे यावरही उपाय आहे. त्याचे एनएस-१ नावाचे प्रथिन परका आरएनए ओळखणाऱ्या यंत्रणेला निकामी करते आणि हाक काही काळ घशातच अडकते. माझा तो ठणठणीत वाटलेला दिवस या दडपलेल्या हाकेचा होता, असे मानायला हरकत नाही.

हाक अखेर फुटली की पांढऱ्या पेशी जमू लागतात आणि इंटरल्यूकिनसारखी द्रव्ये रक्तातून सर्वत्र पोहोचतात. त्यांच्या प्रभावाने मेंदूतील हायपोथॅलॅमस या तापमान सांभाळणाऱ्या भागाजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि शरीराने किती तापमान राखायचे याचा नेमलेला आकडाच वर सरकतो. ९९ अंशांवरचे अंग १०२ च्या मानाने थंडच असते, म्हणून स्नायू कापून उष्णता निर्माण करतात, हीच ती हुडहुडी. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करून तो आकडा खाली आणते. विषाणूला ते हातही लावत नाही. अंगदुखी आणि गळून जाणे हेही मुख्यतः याच द्रव्यांचे काम, तेव्हा ताप विषाणूमुळे आला तरी तो माझाच होता.

विषाणूला ओळखून चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, पण त्यांची आठवण दीर्घकाळ टिकते. अडचण अशी, की इन्फ्लुएन्झाच्या पॉलिमरेजला नकलेतील चुका तपासता येत नाहीत. करोना विषाणूकडे तशी सोय आहे, इन्फ्लुएन्झाकडे नाही. त्यामुळे त्याचे रूप सतत थोडेथोडे बदलत राहते. शिवाय दोन प्रकारचे विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या आठ तुकड्यांची अदलाबदल होते, आणि डुकरांमध्ये अशाच सरमिसळीतून २००९ चा विषाणू जन्माला आला.

त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरातील माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. आमची दोन्ही मुले तेव्हा तापाने आजारी पडली. त्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसलेल्या माझ्या आईला मात्र साधी शिंकही आली नाही. तिचा जन्म १९३६ चा. १९१८ च्या फ्लूच्या साथीतील विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांमध्ये फिरत होते आणि २००९ च्या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन त्या जुन्या घराण्याशी बरेच मिळतेजुळते होते, त्यामुळे जगभर साठीपुढच्या लोकांना त्याची लागण तुलनेने कमी झाली. एका घरावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. तरीही परवा आईला विचारले, की लहानपणी तुला असा ताप कधी आला होता का. ‘‘ताप काय, यायचेच की,’’ एवढे बोलून तिने विषय गवती चहाच्या काढ्याकडे वळवला, कारण २००९ चे श्रेय आम्ही सर्वांनी तेव्हा त्या काढ्यालाच देऊन टाकले होते.