तीन मिनिटांची साक्ष

नागपूरच्या आमच्या चर्चमध्ये सुवार्तेच्या गटासाठी नावं मागितली तेव्हा मी हात वर केला नव्हता. माझं नाव महिला सभेतल्या बायकांनीच दिलं. शाळेत शिकवते म्हणजे बोलता येतं, असा त्यांचा हिशेब. पण वर्गात भूगोल शिकवणं वेगळं आणि अनोळखी दारात उभं राहून प्रभूविषयी बोलणं वेगळं.

पाळकसाहेबांनी सहा शनिवार आमची तयारी करून घेतली. पहिल्याच शनिवारी गृहपाठ मिळाला: तीन मिनिटांत आपली साक्ष, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते, सांगायची. मला धडकीच भरली. आजोबांच्याही आधीपासून आमचं घर ख्रिस्ती. दारू सुटली, आजार पळाला, स्वप्नात दर्शन झालं, असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी पाप, क्रूस, पुनरुत्थान असं सगळं नीट लिहून नेलं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे खरंच आहे. पण यात तुम्ही कुठं आहात?"

त्या रात्री यजमानांच्या आजारपणाचं लिहिलं. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात अकरा दिवस. मंडळीतल्या बायका पाळीपाळीनं डबा आणायच्या, रात्री कुणीतरी माझ्यासोबत बाहेरच्या पॅसेजमध्ये चटईवर पडायची. ते गेले. इतक्या प्रार्थना होऊनही गेले. पुढे कित्येक महिने मला प्रार्थनेला शब्द फुटत नव्हते. रविवारी उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून नुसती बसायची, बाकीचे गायचे. त्या काळात प्रभूनं मला धरून ठेवलं, ते याच माणसांच्या हातांनी. एवढीच माझी साक्ष. वाचायला दोन मिनिटं लागली आणि गटातलं कुणीही काही बोललं नाही.

पुढचे दोन शनिवार नागपूरच्याच इतिहासावर गेले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले, त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. मला नवीन होतं ते हे, की गोंड लोकांची भाषा, चालीरीती, त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा हिस्लॉपांनी ऐकून टिपून ठेवली होती. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दगडांची वर्तुळं, पाहून परतताना ते पुरात बुडाले, आणि ते कागद तीन वर्षांनी छापून आले. सुवार्ता सांगायला आलेला माणूस आधी इतकं ऐकत होता! नारायण वामन टिळकांचं तर आमच्याकडे सगळेच सांगतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबलमधला नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईत. मधला काळ ते स्वतः वाचत, झगडत राहिले. तो प्रवासी कोण होता, हे आमच्या गटात कुणाला सांगता आलं नाही. मला त्या प्रवाशाचा फार आधार वाटतो.

एक शनिवार कायद्याचा. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण प्रसार म्हणजे आपली शिकवण मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्पष्ट केलं. मंडळीतल्या एका वकील भावांनी हे समजावून सांगितलं. कुणाला आमिष नाही, भीती नाही, आजाऱ्याला बरं करण्याचं वचन नाही, हे आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

तरीही पहिल्याच फेरीत चुकलो. किराणा किट आणि पत्रक एकाच पिशवीत घालून नेलं. एका म्हाताऱ्या बाबांनी तांदूळ-डाळ ठेवून घेतली, पत्रक बाहेर काढलं आणि विचारलं, "हे पण घ्याच लागते का?" मी "नाही जी, नाही" म्हणत ते परत घेतलं, पण कानशिलं तापली. घरी येऊन बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र उघडलं. आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, सौम्यतेनं द्या, असं तिथे आहे. जो विचारील त्याला! त्या बाबांनी काहीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मदतीची पिशवी वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांच्या हाती जाते आणि तिच्यात कागदाचा कपटाही नसतो. गटात यावर बराच वाद झाला. मला आजही हाच निर्णय योग्य वाटतो.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या एका आजींकडे मी आणि युवक संघातला एक मुलगा, असे दोघं गेलो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. आजींनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "बाबासाहेबांनी आमाले धम्म देल्ला. आता तुमी काय देता?"

नागपुरात, १९५६ नंतर, हा प्रश्न येणारच. आजी आठ-दहा वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीला गेल्या होत्या. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती ती. मी पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं, "आजी, काही काढून घ्यायला आले नाही मी. तुम्ही एकट्या राहता असं कळलं, म्हणून आले." मग तासभर त्याच बोलल्या. मी येशूचं नावही घेतलं नाही. परतताना मुलगा म्हणाला, "टीचर, आपलं काम तर राहूनच गेलं."

पाचव्या भेटीत आजींनीच विचारलं, "तुमचे मालक गेले, तं देवावर राग नाही आला?" तेव्हा मी साक्ष सांगितली. दोन मिनिटांची ती पाऊण तास चालली, कारण त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या. राग आला होता, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या येशूनं ऐकून घेतलं ना मंग, बरं झालं." निघताना स्वतःसाठी प्रार्थना करायला सांगितली, डोळ्यांसाठी. मी केली. भिंतीवरच्या तसबिरी तिथेच आहेत, आणि आजींनी कोणत्या वाटेनं जायचं हे आजी आणि प्रभू पाहून घेतील.

मंगळवारी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मेडिकललाच. शाळेतून रजा घेतली आहे. डब्याची पाळी महिला सभेनं लावली आहे.