कासव थांबलं एकदाचं (आणि व्हाइलची सुट्टी झाली)

मागच्या अपडेटमध्ये पायथॉनच्या टर्टलमधलं कासव (स्क्रीनवर रेघा काढत चालणारी खूण) नक्षी पूर्ण करूनही त्याच रेघांवरून गरागरा फिरत होतं. आता थांबतंय!

कोड तोच: व्हाइल लूपमध्ये (अट खरी असेपर्यंत तेच तेच करणारा आदेश) २०० पुढे, १७० अंश डावीकडे, जागा शून्य-शून्य झाली, म्हणजे कासव सुरुवातीच्या केंद्रावर परतलं, की ब्रेक, म्हणजे लूपमधून बाहेर. नक्षी डोळ्यांदेखत पूर्ण व्हायची, ब्रेक काही लागायचा नाही. डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे दर फेरीला जागा प्रिंट केली तर ३६व्या रेघेनंतर चक्क ०.००, ०.०० दिसायचं (कधी उणे ०.००, तो आणखी वेगळाच वैताग). समोर शून्य, आणि पायथॉन म्हणतं शून्य नाही! शेवटी एक्स आणि वाय वेगवेगळे छापले तेव्हा चोर सापडला. दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग आणि पार शेपटाला आकडे. टर्टल जागा छापताना दोनच दशांश दाखवतं, तुलना मात्र पूर्ण आकड्याशी होते. साइन-कोसाइनच्या हिशेबात दर रेघेला थोडा कचरा उरतो, तो हा. शंका असेल तर शून्यात ०.१ दहा वेळा मिळवून बघा, १ भरत नाही.

पायथॉनच्या अधिकृत माहितीतल्या उदाहरणात तोडगा आहे: केंद्रापासूनचं अंतर १ पेक्षा कमी झालं की ब्रेक. मोठ्या नक्षीला झकास चालतो. पण बारीक वक्रासाठी पाऊल ०.५ केलं की पहिल्याच पावलाला लूप खल्लास.

मग सुचलं, रेघा किती लागणार हे आधीच कळत असेल तर व्हाइल हवाच कशाला? ३६० आणि कोन यांचा मसावि काढायचा, त्याने ३६० ला भागायचं. १७० साठी मसावि १०, रेघा ३६. १४४ साठी ७२, रेघा ५, म्हणजे आपली पाच टोकांची चांदणी. ७ अंशाला मसावि १, थेट ३६० रेघा. हा आकडा रेंजला दिला की फॉरच्या (ठरावीक वेळा फिरणाऱ्या लूपच्या) पोटात दोनच ओळी उरतात. १९६७ साली आलेल्या, कासवासाठी प्रसिद्ध लोगो भाषेतलं रिपीट असाच आकडा मागायचं, उगाच नाही. (३६० रेघांना ट्रेसर शून्य करा, म्हणजे दर रेघ दाखवणं बंद, आणि शेवटी अपडेट करून चित्र एकदम दाखवा, नाहीतर बसा बघत.)

नवशिक्यांना पुन्हा सांगणं: थॉनी (नवशिक्यांसाठीचा पायथॉन एडिटर) घ्या. डीबगरमध्ये (कोड थांबवत थांबवत चालवणाऱ्या साधनात) एकेक फेरी पुढे सरकवत व्हेरिएबल बदलताना बघता येतात. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल एडिटरमध्येही डीबगर आहे, पण तो बघून पळ काढावासा वाटतो.

पुढे त्रिकोणांची जाळी करणार होतो. पण हे लिहितानाच २२.५ अंश टाकून बघितला, तर टाइपएरर (चुकीच्या प्रकारच्या आकड्याची तक्रार), कारण मसावि काढणाऱ्या जीसीडीला पूर्णांकच लागतात. दोन्ही आकडे १० ने गुणले, ३६०० आणि २२५, आल्या १६ रेघा. मस्त! तेव्हा जाळी मागे, आधी सर्पिल. दर फेरीला पाऊल २ ने वाढवायचं. तिथे कासव परत घरी येतच नाही, मसावि कुचकामी, म्हणजे व्हाइलला पुन्हा कामावर बोलवावं लागणार: पाऊल ३०० च्या आत असेपर्यंत चाल. कोन ९१ ठेवायचा विचार आहे. कुणी काढून बघितलं असेल तर पाऊल कितीने वाढवलंत ते सांगा, २ ने रेघा फार दाटीत येतील असं वाटतंय.