नोकरी सोडून शिडाच्या बोटीवर राहायला जाताना कशाच्या आधी काय केलं

नोकरी सोडायची हिंमत कशी झाली हे सगळे विचारतात, पण त्याच्या आधीचा प्रश्न सिटिझनशिपचा आहे. मी न्यू जर्सीत औषध कंपनीत होते, नवरा आयटीत, आणि आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतो तर हे शक्यच नव्हतं, कारण नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. शिवाय कोस्ट गार्डकडे बोटीचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणी, करायची तर मालक अमेरिकन नागरिकच लागतो. आमची सिटिझनशिप झालेली होती म्हणून पुढे सरकलो.

आणि खरी गाडी अडते ती इन्शुरन्सपाशी. पैसे साठवता येतात, पोरांना समजावता येतं, पण वर्षभर बोटीवर राहणार, पहिलीच मोठी बोट, म्हटलं की कंपन्या सरळ नाही म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो किती फुटी बोट किती वर्षं चालवलीत. आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बे या खाडीत एएसए या संस्थेचे १०१, १०३, १०४ हे शिडाची बोट चालवायचे कोर्स केले होते, वीकेंडला बोट भाड्याने घ्यायचो, त्याची तारीखवार नोंद ठेवली होती आणि तीच वही कामाला आली. शेवटी एक कंपनी तयार झाली, अटी अशा की सुरुवातीला लायसन्सवाला कॅप्टन सोबत हवा, मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, धरून ठेवणाऱ्या तारा जुन्या असतील तर बदला, बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, करा, आणि हरिकेन सीझनमध्ये ठराविक रेषेच्या खाली दक्षिणेला जायचं नाही. म्हणून कळकळीने सांगते, बोट आवडली म्हणून ऑफर देऊ नका, आधी त्या बोटीचा इन्शुरन्स कोट हातात घ्या.

आमची बोट ३८ फुटी, १९८०च्या दशकातली. सर्व्हेयर दिवसभर हातोडीने डेक आणि हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, ठोकत फिरला, डेकच्या आत बाल्सा लाकडाचा थर असतो, तो कोरडा असेल तर खणखणीत वाजतो आणि पाणी मुरलं असेल तर बद्द आवाज येतो. मास्टच्या पायाशी बद्द वाजलं. तो रिपोर्ट दाखवून किंमत कमी करून घेतली आणि त्याच पैशात तेवढा डेक दुरुस्त केला. सर्व्हेयर आपण स्वतः निवडायचा, ब्रोकरने सुचवलेला नको, हे माझं ठाम मत आहे.

बोटीवर टपाल येत नाही म्हणून पत्ता फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्सचा घेतला, टपाल तिथे येतं, स्कॅन होऊन आपल्याला दिसतं, बोटीवाले पुष्कळ जण हेच करतात. मुलांच्या होमस्कूलिंगची नोटीस त्याच काउंटीत दिली, वर्षाअखेर मूल्यमापन द्यावं लागतं, वह्या जपून ठेवायच्या.

सासूबाई रत्नागिरीच्या. नोकरी सोडल्याचं त्यांना पटलं नव्हतं, पण १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेन सीझन असतो, तेव्हा आम्ही वर उत्तरेकडेच थांबणार, हे सांगितलं तर लगेच म्हणाल्या, बरोबर आहे, आपल्याकडेही जूनपासून होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी जात नाही. त्यानंतर फोनवर रोज वाऱ्याची चौकशी सुरू झाली आणि मला फार आधार वाटला.

स्वयंपाकघराबद्दल एकच गोष्ट, पण जिवाची आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात, ज्याचं भोक थेट समुद्राकडे उघडतं, आणि आत गॅस तोडायचा स्विच, स्वयंपाक झाला की तो बंद करायचाच. कुकर सोबत घ्याच, गॅस वाचतो आणि बोट हलली तरी झाकण बंद असल्याने खिचडी सांडत नाही.

नोव्हेंबरात व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने, खाली दक्षिणेला निघालो. या मार्गावरचे बहुतेक न उघडणारे पूल ६५ फूट उंच धरलेले आहेत, मायामीतला एक मात्र ५६, त्यामुळे बोट घेतानाच मास्टची उंची बघा, अँटेना धरून. त्याच वाटेवरच्या डिस्मल स्वॉम्प कॅनॉलमध्ये लॉक (बोट वर-खाली करणारा दरवाजांचा हौद) भरताना पोरं दोर धरून उभी होती, झाडांच्या सालींमुळे पाणी तिथे गडद तपकिरी, मोठीने त्यावर अख्खं प्रोजेक्ट लिहिलं.

फ्लोरिडातल्या लेक वर्थपासून बहामाजमधलं वेस्ट एंड साधारण ५६ नॉटिकल मैल, पण मधे गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला प्रवाह उत्तरेकडे ३ नॉटच्या आसपास वाहतो. उत्तरेचा वारा असला की प्रवाहाच्या विरुद्ध लाटा उभ्या होतात, तेव्हा निघायचंच नाही. आम्ही वारा फिरेपर्यंत नांगर टाकून थांबलो, बाकीच्या बोटी गेल्या तरी थांबलो, मग मध्यरात्री निघून मुद्दाम दक्षिणेकडे तोंड ठेवून चालवत राहिलो, प्रवाह आपोआप वर नेतो. सकाळी पिवळा झेंडा, म्हणजे अजून क्लिअरन्स व्हायचा आहे याची खूण, लावून शिरलो, नवरा एकटा कागद घेऊन कस्टम्सकडे गेला, क्लिअरन्स होईपर्यंत बाकी कोणी उतरायचं नसतं. पोरांनी तोवर डेकवर पोहे खाल्ले. आता मेपर्यंत इथेच बेटांमध्ये, आणि जूनच्या आत परत वर चेसापीकला.